दाखला मिळेल, पण दहावी कुठून आणणार? एमबीबीएस प्रवेश आणि महाराष्ट्राचा अधिवास

नीटचा, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाच्या देशपातळीवरच्या परीक्षेचा, निकाल लागला की घरोघरी गुणांची चर्चा सुरू होते. ते गुण कोणत्या यादीत मोजले जाणार, हा प्रश्न मात्र बहुतेकांना नोंदणीच्या शेवटच्या आठवड्यात आठवतो. तोवर उत्तर बदलण्याची वेळ गेलेली असते, कारण ते मूल आठवी-नववीत असताना, किंवा दहावीनंतर कॉलेज निवडताना, नकळत ठरून गेलेले असते. एकाच गुणांवर एकाला सरकारी महाविद्यालय मिळते आणि दुसऱ्याला नाही. यामागे जातीच्या आरक्षणाइतकाच राज्याच्या कोट्याचा वाटा असतो.

जागा कोणाच्या, हे आधी समजून घ्या

राज्यातल्या सरकारी आणि महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात. त्या दिल्लीची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी, म्हणजे एमसीसी भरते, आणि तिथे कोणत्याही राज्याचा विद्यार्थी चालतो. उरलेल्या ८५ टक्के जागा महाराष्ट्राच्या कोट्यातल्या. त्या राज्याचा सीईटी सेल, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, भरतो. म्हणजे २०० जागांच्या महाविद्यालयात ३० जागांसाठी तुम्ही देशभराशी स्पर्धा करता आणि १७० जागांसाठी फक्त राज्यातल्या पात्र मुलांशी. राज्य कोट्याबाहेर पडण्याची किंमत या दोन आकड्यांत दिसते.

खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांतही ८५ टक्के जागा राज्याच्या गुणवत्ता यादीतून भरतात. बाकीचा १५ टक्के संस्थात्मक किंवा एनआरआय कोटा असतो आणि त्याचे शुल्क नेहमीच्या शुल्काच्या काही पट असते. अभिमत (डीम्ड) विद्यापीठांचे गणित वेगळे आहे. पुण्याचे भारती विद्यापीठ, कराडचे कृष्णा, लोणीचे प्रवरा, पुणे-कोल्हापूर-नवी मुंबईची डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठे महाराष्ट्रात असली तरी त्यांच्या सगळ्या जागा एमसीसी भरते. तिथे अधिवासाचा, म्हणजे राज्याच्या ‘डोमिसाइल’चा, फायदाही नाही आणि तोटाही नाही. सीईटी सेलच्या यादीत ही नावे शोधत बसणारे पालक दरवर्षी भेटतात.

ही १५-८५ ची वाटणी कुठून आली, हे माहीत असले की नियम डोक्यात बसतात. १९५५ मध्ये इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात बाहेरच्या रहिवाशांकडून जादा शुल्क घेण्यावरून खटला झाला. रहिवास आणि जन्मस्थान या वेगळ्या गोष्टी आहेत, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने तो नियम वैध ठरवला. पुढे १९८४ च्या डॉ. प्रदीप जैन खटल्यात न्यायालयाने म्हटले की कायद्याच्या भाषेत ‘डोमिसाइल’ एकच, भारताचे. राज्ये ज्याला डोमिसाइल म्हणतात तो प्रत्यक्षात कायमचा रहिवास असतो. एमबीबीएससाठी असा रहिवास काही प्रमाणात बघता येईल, पण काही जागा सगळ्या देशाला खुल्या हव्यात, असेही न्यायालयाने बजावले. त्यातून अखिल भारतीय कोटा आला. रहिवास म्हणजे काय हे प्रत्येक राज्य आपापल्या नियमांत ठरवते आणि अडचण नेमकी इथेच सुरू होते.

एक दाखला नव्हे, तीन अटी

महाराष्ट्राच्या राज्य कोट्यासाठी सर्वसाधारण विद्यार्थ्याला तीन गोष्टी एकाच वेळी लागतात: महाराष्ट्राचा अधिवास, महाराष्ट्रातल्या शाळेतून दहावी आणि महाराष्ट्रातल्याच कॉलेजातून बारावी. यातले एक नसले तर बाकी दोन उपयोगी पडत नाहीत. ‘आमचे गाव साताऱ्यात, सात-बारा आजोबांच्या नावावर’ हे अधिवासाला पूरक आहे, दहावीला नाही.

बोर्ड कोणते याला महत्त्व नाही. राज्य मंडळ, सीबीएसई, आयसीएसई, काहीही चालते. शाळा राज्याच्या हद्दीत हवी. सीमेलगतच्या गावांत ही चूक होते, कारण घर महाराष्ट्रात आणि जवळची चांगली शाळा पाच-सात किलोमीटरवर, पण पलीकडच्या राज्यात. मूल रोज घरी येऊन झोपत असले तरी दहावी परराज्यातलीच धरली जाते.

उलट, कर्नाटकातल्या वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राने वेगळा कोटा ठेवला आहे. बेळगाव, निपाणीसह दावा सांगितलेली ८६५ गावे त्यात येतात. त्यासाठी गाव यादीत असल्याचे आणि मातृभाषा मराठी असल्याचे प्रमाणपत्र लागते.

पूर्वी याच्याही आत विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी ७०:३० ची विभागणी होती. ती सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाली. त्यामुळे लातूरच्या मुलाला मुंबईच्या केईएम किंवा जे. जे. साठी आणि मुंबईच्या मुलाला नागपूरसाठी सारखीच यादी लागू आहे. जुन्या बॅचच्या पालकांचा सल्ला ऐकताना एवढे लक्षात ठेवा.

कोटा शहरापायी राज्याचा कोटा जातो

सगळ्यात महाग पडणारी चूक दहावीनंतर होते. मूल नीटच्या तयारीसाठी राजस्थानात कोट्याला किंवा हैदराबादला जाते, क्लासवालेच तिथल्या एका शाळेत अकरावी-बारावीला नाव घालून देतात, आणि बारावीचे प्रमाणपत्र त्या राज्याचे येते. महाराष्ट्राच्या ८५ टक्के जागा तिथेच हातच्या जातात. बदल्यात त्या राज्याचा कोटा मिळेल, ही समजूतही खरी नाही. तेलंगणाला बारावीपर्यंतची चार वर्षे तिथले शिक्षण हवे असते, आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट वैध ठरवली. कर्नाटकात सर्वसाधारणपणे सात वर्षांचे शिक्षण लागते. राजस्थानात दोन वर्षे वसतिगृहात राहून कोणी तिथला रहिवासी होत नाही. मूल दोन्ही राज्यांच्या मध्ये लटकते आणि त्याच्या हातात फक्त १५ टक्के उरतात. अपवाद दिल्लीचा. तिथल्या विद्यापीठाच्या महाविद्यालयांतील ८५ टक्के जागांसाठी अकरावी-बारावी दिल्लीच्या शाळेतून झालेली पुरते.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला आणि सरळ: बारावी महाराष्ट्रातून पूर्ण करा, आणि बाहेर जायचेच असेल तर बारावीनंतर एक वर्ष थांबून जा. त्या वर्षी मूल कुठे राहते, यावर राज्य कोटा अवलंबून नसतो. दुसरा मार्ग क्लासवाले सुचवतात. नाव इथल्या कॉलेजात, मूल तिकडे, हजेरी कागदावर. तो टाळा. सीबीएसईने अशा ‘डमी’ शाळांवर कारवाया केल्या आहेत. शाळेची मान्यता गेली किंवा हजेरी तपासली गेली, तर परीक्षेला बसण्यापासूनच अडचण होते.

दहावी परराज्यात झाली असेल आणि आता महाराष्ट्रात परतायचे असेल, तर अकरावीचा प्रवेश घेण्याआधी त्या वर्षीची सीईटी सेलची माहिती पुस्तिका उघडून ‘पात्रता’ हे प्रकरण शब्दशः वाचा. अपवाद तिथेच लिहिलेले असतात. कॉलेजच्या कार्यालयातून मिळालेले तोंडी आश्वासन कागदपत्र तपासणीत कोणी विचारात घेत नाही.

बदलीची नोकरी असलेल्यांसाठी

केंद्र सरकारच्या आणि केंद्रीय उपक्रमांच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना दहावी-बारावीच्या अटीतून सूट आहे, पण तिची दिशा नीट बघा. कर्मचारी बाहेरून महाराष्ट्रात बदलून आलेला हवा, आणि ठरलेल्या तारखेपर्यंत इथे कामावर रुजू झालेला हवा. बदलीचा आदेश हातात आहे पण रुजू अहवाल नाही, अशा वेळी अर्ज अडतो. म्हणून कार्यालयाकडून बदली आदेश, रुजू झाल्याचे पत्र आणि सध्या त्या ठिकाणी काम करत असल्याचे प्रमाणपत्र, हे तीन कागद एकत्र घ्या.

मूळचे महाराष्ट्राचे, पण नोकरीमुळे बाहेर असलेले पालक या सूटीत सहज बसत नाहीत. २०२४ मध्ये असेच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. वडील सीमा सुरक्षा दलात, मूल महाराष्ट्रात जन्मलेले, पण नेमणुकांमुळे शाळा बाहेर झाली. न्यायालयाने विद्यार्थ्याच्या बाजूने निर्णय दिला आणि पुढच्या वर्षाच्या तुकडीत जागा देण्यास सांगितले. निकाल चांगला, पण त्या मुलाचे वर्ष गेलेच. ज्यांना शक्य आहे त्यांनी कुटुंबातला एक जण इथे ठेवून दहावी आणि बारावी इथून करण्याचा विचार नववीतच करावा.

सैन्यदलातल्या पालकांसाठी डी-१, डी-२ आणि डी-३ असे वर्ग आहेत. पहिला महाराष्ट्राचा अधिवास असलेल्या माजी सैनिकांच्या मुलांसाठी, दुसरा असा अधिवास असलेल्या सेवेतल्या सैनिकांच्या मुलांसाठी, तिसरा बाहेरचे असून महाराष्ट्रात बदलून आलेल्यांसाठी. पहिल्या दोनमध्ये पालकाचा अधिवास दाखला लागतो. मुलाचाच दाखला घेऊन गेलेले लोक तपासणी केंद्रावरून परत येतात.

अधिवास दाखला: कसा काढायचा, कुठे अडतो

दाखल्याचे पूर्ण नाव ‘वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र’. अर्ज आपले सरकार पोर्टलवर घरबसल्या करता येतो, किंवा सेतू केंद्रात. दाखला महसूल खाते देते.

सगळ्यात आधी ओळखीचा आणि सध्याच्या पत्त्याचा पुरावा जमवा. मग वयासाठी जन्म दाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला. खरे काम पुढचे आहे: राज्यातल्या अनेक वर्षांच्या सलग वास्तव्याचा पुरावा. इथे एक कागद पुरत नाही, साखळी लागते. मुलाच्या बाबतीत पहिलीपासूनची शाळेची बोनाफाइड प्रमाणपत्रे हा सर्वात मजबूत पुरावा. शाळा बदलली असेल तर प्रत्येक शाळेचे वेगळे, आणि त्यावर ‘इयत्ता अमुक ते तमुक, वर्ष अमुक ते तमुक’ असे स्पष्ट लिहून घ्या. नुसते ‘आमच्या शाळेचा विद्यार्थी होता’ असे लिहिलेले पत्र परत येते. सोबत आई-वडिलांची जुनी वीजबिले, घरपट्टीच्या पावत्या, भाडेकरार, शिधापत्रिका, गावात तलाठ्याचा रहिवासी दाखला. मध्ये दोन वर्षांचा खड्डा राहिला की अर्ज त्रुटीत पडतो. त्या दोन वर्षांसाठी काय जोडता येईल याचा विचार आधीच करा.

शेवटी स्वयंघोषणापत्र आणि फोटो. शैक्षणिक दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्राला लागणारा ५०० रुपयांचा मुद्रांक शासनाने माफ केला आहे. केंद्रावर तो मागितला तर शासन निर्णय दाखवायला सांगा.

सेवा हमी कायद्याखाली या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे. अर्जाची पावती जपून ठेवा, कारण मुदत उलटली तर त्याच आधारावर पहिले अपील करता येते. जून-जुलैत मात्र अर्जांचा ढीग असतो आणि १५ दिवसांचे महिनाभर सहज होतात. बारावीच्या दिवाळीच्या सुट्टीत अर्ज केला तर ही धावपळच उरत नाही. दाखला दरवर्षी नव्याने काढावा लागत नाही, त्यामुळे लवकर काढल्याने तोटा काहीच नाही.

नावाचे घोळ वेगळेच. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधार कार्डावर शेवटी. एका ठिकाणी ‘वैष्णवी’, दुसरीकडे एक अक्षर कमी. दाखला दहावीच्या गुणपत्रिकेवरच्या नावाने काढा, कारण नीटचा अर्जही त्याच नावाने जातो. दाखला विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचा हवा, वडिलांचा चालत नाही (वर सांगितलेले सैन्यदलाचे वर्ग सोडून). राष्ट्रीयत्वासाठी वैध पासपोर्ट, किंवा ‘भारतीय’ अशी नोंद असलेला शाळा सोडल्याचा दाखलाही चालतो. त्या नोंदीसाठी शाळेतून दाखला घेतानाच कागद वाचून घ्या.

जातीच्या जागेसाठी अधिवास पुरत नाही

ही गोष्ट फार थोड्या कुटुंबांना माहीत असते. महाराष्ट्राचा अधिवास असणे आणि महाराष्ट्राच्या राखीव जागेला पात्र असणे, या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. राखीव जागेसाठी जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते, आणि समिती पूर्वजांचा ठरावीक तारखेचा महाराष्ट्रातला रहिवास बघते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. एखादे कुटुंब १९८५ मध्ये आंध्रातून सोलापुरात आले, मुलाची सगळी शाळा इथेच झाली, तर त्याला अधिवास मिळेल आणि तो राज्याच्या खुल्या यादीतही बसेल. राखीव जागेवर मात्र दावा करता येणार नाही.

पडताळणीला महिने लागतात. अकरावीत असतानाच कॉलेजमार्फत अर्ज टाका. निकालानंतर धावपळ करणाऱ्यांत बहुतेकांची फेरी या एका कागदावाचून हुकते.

नीटच्या अर्जात एक वर्ग, सीईटी सेलला दुसरा

नीटच्या अर्जात भरलेला प्रवर्ग अखिल भारतीय कोट्यासाठी वापरला जातो आणि तिथे केंद्राची यादी चालते. राज्यात तुम्ही कोणत्या प्रवर्गात आहात ते सीईटी सेलच्या नोंदणीत वेगळे भरायचे असते. मराठा समाजाच्या विद्यार्थ्यांनी हे नीट बघावे. राज्यात २०२४ च्या कायद्याने एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागासवर्ग) म्हणून १० टक्के आरक्षण आहे, केंद्राच्या यादीत तो प्रवर्गच नाही. म्हणून नीटच्या अर्जात खुला, किंवा उत्पन्न-मालमत्तेच्या अटीत बसत असल्यास केंद्राच्या नमुन्यातले ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) प्रमाणपत्र घेऊन ईडब्ल्यूएस. कुणबी नोंद असलेल्यांचे तसे नाही, कुणबी दोन्ही याद्यांत ओबीसी आहेत. ओबीसींनीही केंद्राच्या नमुन्यातले नॉन-क्रीमिलेअर वेगळे काढावे. राज्याचे प्रमाणपत्र एमसीसीकडे चालत नाही.

नीटच्या अर्जात बारावीचे राज्य महाराष्ट्र भरले म्हणजे राज्य कोट्याची नोंदणी झाली, असे समजू नका. सीईटी सेलच्या संकेतस्थळावर स्वतंत्र नोंदणी, कागदपत्रे अपलोड आणि पसंतीक्रम हे सगळे पुन्हा करावे लागते. एमसीसीकडे नोंदणी वेगळी. दोन्हीकडे नाव ठेवण्यात काही गैर नाही, उलट ठेवलेच पाहिजे. एमसीसीची नोंदणी फी खुल्या वर्गासाठी १,००० रुपये आणि परत मिळणारी अनामत १०,००० रुपये. अभिमत विद्यापीठेही हवी असतील तर फी ५,००० आणि अनामत दोन लाख. ज्यांना तिथले वर्षाला २० लाखांच्या घरातले शुल्क परवडणार नाही, त्यांनी ‘बघू तरी’ म्हणून दोन लाख अडकवू नयेत.

पहिल्या फेरीत मोकळीक असते, दुसरीपासून बंधने घट्ट होतात. दोन्ही यंत्रणा प्रवेश घेतलेल्यांच्या याद्या एकमेकींना देतात. एका बाजूला जागा पक्की करून दुसरीकडच्या शेवटच्या फेरीची वाट बघणे जमत नाही. महाराष्ट्रात अमुक एक महाविद्यालय मिळेल अशी खात्री असेल, तर एमसीसीच्या पुढच्या फेरीत परराज्यातल्या नको असलेल्या महाविद्यालयाची नावे भरू नका. जागा लागली की अडकता, आणि त्या राज्याचा सेवाबंध, म्हणजे शिक्षणानंतर ठरावीक काळ सरकारी सेवेची सक्ती, लागतो तो वेगळाच.

दोन राज्यांत रहिवासी म्हणून दावा करणे हा याहून मोठा धोका. आजोळच्या राज्यातून दुसरा दाखला काढून दोन्हीकडे अर्ज करणारे सापडतात, आणि सापडले की प्रवेश रद्द होतोच, शिवाय खोटे प्रमाणपत्र दिल्याबद्दल गुन्हाही दाखल होऊ शकतो.

शुल्क सवलतीलाही हाच दाखला

राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना शिक्षण शुल्कात सवलत मिळते. २०२४-२५ पासून त्याच उत्पन्नमर्यादेत ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना पूर्ण शिक्षण शुल्क माफ आहे. दोन्हीला अधिवास लागतो आणि प्रवेश सरकारी कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेरीतून झालेला लागतो. संस्थात्मक कोट्यातून घेतलेल्या जागेला ही माफी नाही. खासगी महाविद्यालयात याचा फरक काही लाखांचा पडतो.

अट बसत नसेल तर

राज्य कोटा खरोखरच गेला असेल तर उरलेली दारे मोजून घ्या. देशभरातल्या सरकारी महाविद्यालयांचा १५ टक्के कोटा, नागपूरसह सर्व एम्स, पुदुच्चेरीचे जिपमर, पुण्याचे एएफएमसी (सैन्यदलाचे वैद्यकीय महाविद्यालय), अभिमत विद्यापीठे. याशिवाय कर्नाटक, उत्तर प्रदेश आणि राजस्थानातल्या खासगी महाविद्यालयांत बाहेरच्यांना खुल्या जागा असतात. त्यांसाठी त्या त्या राज्यात वेगळी नोंदणी करावी लागते आणि तारखा एकमेकींवर येतात. तीन राज्यांपेक्षा जास्त ठिकाणी नोंदणी करणाऱ्यांना शेवटी एकाही ठिकाणचा पसंतीक्रम नीट भरता येत नाही. दोन निवडा, तिथले शुल्क आणि सेवाबंध तपासा.

पदव्युत्तरला नियम उलटतो

एमबीबीएसला कामी आलेला हा अधिवास एमडी-एमएसला तसा उपयोगी पडत नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी तन्वी बहल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय जागांमधले रहिवासावर आधारित आरक्षण समानतेच्या कलम १४ विरुद्ध ठरवले. एमबीबीएस कुठल्या संस्थेतून केले यावर आधारलेले प्राधान्य मर्यादित प्रमाणात मान्य ठेवले. म्हणून आज महाविद्यालय निवडताना, पुढे ज्या राज्यात एमडी करायचे आहे तिथले महाविद्यालय जवळपास सारख्याच दर्जाचे असेल, तर पसंतीक्रमात ते वर ठेवा.